प्रवास-प्रश्न : मोठे सामान आणि रेल्वेचा प्रवास

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे मोठ्या सामानाविषयी आहेत. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे. ही पत्रे वाचताना एक गोष्ट वारंवार जाणवली. आपण गाडी आणि तिकीट आधी ठरवतो आणि सामानाचा विचार बॅगा भरून झाल्यावर करतो. सामान मोठे असेल तेव्हा हा क्रम उलटा करावा, असे माझे ठाम मत आहे, आणि पुढील बहुतेक उत्तरांच्या मुळाशी तेच आहे.

प्रश्न : माझ्या मुलीला मुंबईच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आहे. तिचे वसतिगृहाचे सामान घेऊन आम्ही मायलेकी नाशिक रोडहून पंचवटी एक्स्प्रेसने जाणार आहोत. दोन मोठ्या ट्रॉली बॅगा, एक पत्र्याची ट्रंक, गादीची वळकटी आणि खाऊची एक पिशवी एवढे सामान आहे. तिकिटे सेकंड सीटिंगची काढावीत की एसी चेअर कारची? सामानाचे वेगळे पैसे पडतील का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : आधी नियम सांगतो. प्रत्येक प्रवाशाला तिकिटाच्या वर्गानुसार काही वजन मोफत नेता येते. ही मर्यादा सेकंड क्लासला ३५ किलो, स्लीपरला ४० किलो, एसी चेअर कार आणि एसी थ्री टियरला ४० किलो, एसी टू टियरला ५० किलो आणि एसी फर्स्टला ७० किलो आहे. पाच ते बारा वर्षांच्या मुलांना याच्या निम्मे वजन मिळते. त्याहून जास्त वजन असेल तर निघण्यापूर्वी लगेज कार्यालयात पैसे भरून ते नोंदवता येते. नोंदवलेले सामान धरून सेकंड क्लासच्या डब्यात एका प्रवाशाला एकूण ७० किलोपर्यंत आणि स्लीपरमध्ये ८० किलोपर्यंत सामान ठेवता येते. एसी चेअर कार आणि एसी थ्री टियरमध्ये मात्र ४० किलो हीच शेवटची मर्यादा आहे, पैसे भरूनही ती वाढत नाही. अलीकडे वर्तमानपत्रांतून या मर्यादांची चर्चा झाल्यामुळे त्या नव्याने लागू झाल्या असा अनेकांचा समज झाला आहे, परंतु त्या फार जुन्या आहेत.

जास्तीचे सामान न नोंदवता नेले आणि ते तपासणीत सापडले, तर मोफत मर्यादेच्या वर दहा किलोपर्यंतच्या वजनाला लगेजच्या दराच्या दीडपट आकारणी होते, आणि त्याहून अधिक वजनाला सहापट. आपल्या दोघींना सेकंड सीटिंगच्या तिकिटावर प्रत्येकी ३५ किलो मिळतील. घरात वजनकाटा असेल तर आधी स्वतःचे वजन करा, मग बॅग हातात धरून पुन्हा काट्यावर उभ्या राहा. दोन्ही आकड्यांतील फरक हे बॅगेचे वजन. तीन-चार वस्तूंचे असे वजन करायला दहा मिनिटेही लागत नाहीत आणि मनातली धास्ती जाते.

तरीही आपली खरी अडचण वजनाची नसून आकाराची आणि वेळेची आहे. डब्यात नेण्याच्या ट्रंकेचे किंवा सुटकेसचे बाहेरचे माप लांबीला १०० सेंटिमीटर, रुंदीला ६० सेंटिमीटर आणि उंचीला २५ सेंटिमीटर यांपेक्षा जास्त नसावे, असा नियम आहे. एसी चेअर कारसाठी तर हे माप ५५, ४५ आणि २२.५ सेंटिमीटर इतके लहान आहे. परदेशी जाताना आपण नेतो तशी मोठी ट्रॉली बॅग साधारण ७५ सेंटिमीटर उंच आणि ३० सेंटिमीटर जाड असते, म्हणजे काटेकोरपणे पाहिले तर ती दोन्ही मापांत बसत नाही. टीसी सहसा टेप घेऊन मोजत नाहीत हे खरे आहे, पण नियमामागचे कारण डब्यात शिरताच दिसते. खुर्च्यांच्या डब्यात डोक्यावरचे रॅक अरुंद असते, त्यावर मोठी बॅग ठेवली की तिचा बराच भाग बाहेर लोंबतो आणि ब्रेक लागला की ती खाली बसलेल्याच्या डोक्यावर येऊ शकते. दोन आसनांच्या मध्ये ती मावत नाही. म्हणून ती शेवटी दाराजवळ किंवा स्वच्छतागृहाच्या वाटेत उभी राहते, प्रत्येक स्थानकावर लोकांच्या पायात येते आणि आपल्या नजरेआडही जाते. पंचवटीने रोज कामाला जाणारे पासधारक मोठ्या संख्येने असतात. त्यांच्या गर्दीत दाराशी उभी केलेली ट्रंक सर्वांनाच तापदायक ठरते.

दुसरी गोष्ट वेळेची. पंचवटी मनमाडहून निघते, त्यामुळे नाशिक रोड हे आपल्यासाठी वाटेतले स्थानक आहे. वाटेतल्या स्थानकावर गाडी जेमतेम काही मिनिटे थांबते. तेवढ्या वेळात दोघींनी पाच नग घेऊन एकाच दारातून चढायचे, आणि त्याच वेळी आत शिरणारे इतरही असणार. माझ्या मते ही जोखीम घेऊ नये.

म्हणून सेकंड सीटिंग आणि एसी चेअर कार यांत निवड करण्याऐवजी गाडीच बदलावी, असे मी सुचवेन. नागपूरकडून मुंबईला जाणाऱ्या सेवाग्राम किंवा विदर्भ एक्स्प्रेसला स्लीपरचे डबे असतात आणि खालच्या बर्थखाली ट्रंक आणि आडवी ठेवलेली ट्रॉली बॅग सहज सरकते. विदर्भ नाशिक रोडला फार लवकर येते आणि त्या वेळी डब्यातील मंडळी झोपेत असतात. सेवाग्राम दिवसा जाते, ती आपल्याला अधिक सोयीची. तिकीट काढताना दोघींपैकी एकीला तरी खालचा बर्थ मागा. डबा फलाटावर कोठे लागणार हे आधी पाहून तेथेच उभ्या राहा, आणि चढवण्यासाठी बिल्ला असलेला हमाल ठरवा. हमालीचे दर स्थानकावर लावलेले असतात, ते वाचून आधीच बोलून घ्यावे. मुंबईत दादरला उतरणे वसतिगृहाच्या दृष्टीने जवळचे असले तरी शेवटपर्यंत म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत जावे. तेथे गाडी पुढे जायची नसते, सर्वजण उतरल्यावर शांतपणे सामान काढता येते आणि स्थानकाबाहेर टॅक्सी मिळते. दादरच्या पुलावरून ट्रंक नेण्यापेक्षा टॅक्सीचे थोडे जास्त पैसे गेलेले परवडतात.

गादी मात्र नेऊ नका. ती वजनाला हलकी असली तरी जागा सर्वांत जास्त खाते, आणि मुंबईत कोठेही मिळते.

प्रश्न : माझी आई कोल्हापूरला असते. तिचे पायाने चालवायचे जुने शिलाई मशीन मला मुंबईला माझ्या घरी आणायचे आहे. कोयना एक्स्प्रेसने येताना ते डब्यात ठेवता येईल का? ब्रेकव्हॅनमध्ये टाकायचे तर काय करावे लागते?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्टँडसह असलेले मशीन डब्यात नेण्याच्या मापात बसत नाही. ते ब्रेकव्हॅनमधून, म्हणजे गाडीला जोडलेल्या सामानाच्या डब्यातून, आणावे लागेल. येथे लगेज आणि पार्सल यांतला फरक लक्षात घ्या. लगेज आपल्या तिकिटावर नोंदवले जाते आणि आपण ज्या गाडीने येतो तिच्यातूनच येते. पार्सलसाठी प्रवास करण्याची गरज नसते, परंतु ते जागेनुसार दुसऱ्या गाडीने, कदाचित दुसऱ्या दिवशीही जाऊ शकते. आपण स्वतः येत आहात, तेव्हा लगेजच नोंदवावे.

बांधणीला सर्वांत जास्त वेळ द्या, कारण हे सामान ढकलगाडीवरून जाणार आणि इतर नगांखाली दबणार, हे गृहीतच धरले पाहिजे. सुई आणि बॉबिन काढून घ्या, चामड्याचा पट्टा चाकावरून उतरवा आणि मशीनचे डोके स्टँडच्या फळीपासून सोडवा. ते जुन्या गोधडीत गुंडाळून, वर गोणपाट शिवून स्वतंत्र नग करा. स्टँडचे पायटे हलणार नाही असे सुतळीने आवळून बांधा, नाहीतर उचलताना ते फिरते आणि उचलणाऱ्याची बोटे त्यात सापडतात. फळी वेगळी निघत असेल तर काढून स्टँडलाच आडवी बांधा. प्रत्येक नगावर आपले नाव, फोन क्रमांक, कोठून आणि कोठे हे ठळक अक्षरांत लिहा, आणि तोच मजकूर लिहिलेली एक चिठ्ठी गोणपाटाच्या आतही ठेवा. बाहेरचे लेबल फाटले तर आतली चिठ्ठीच उपयोगी पडते.

गाडी सुटण्यापूर्वी किमान अर्धा तास सामान लगेज कार्यालयात पोचले पाहिजे, असा नियम आहे. मी तास-दीड तास आधी जायला सांगेन, कारण तेथे वजन, आकारणी आणि पावती हे सगळे रांगेने होते. तिकीट दाखवावे लागते. आपल्या वर्गाच्या मोफत मर्यादेत जेवढे वजन शिल्लक असेल तेवढे वजा करून उरलेल्या वजनाची आकारणी होते, म्हणून बरोबरचे कपड्यांचे सामान त्या दिवशी कमीच ठेवा. पावतीवर नगांची संख्या आणि गाडीचा क्रमांक बरोबर आहे ना, हे खिडकीपाशीच पाहून घ्या.

पावती घेण्यापूर्वी किमतीचाही विचार करावा. नोंदवलेल्या लगेजची किंमत आपण जाहीर केली नाही, तर हरवल्यास किंवा मोडल्यास रेल्वेची जबाबदारी किलोमागे १०० रुपयांपुरतीच असते. पंचवीस किलोच्या नगाचे त्या हिशेबाने जास्तीत जास्त अडीच हजार रुपये होतात. किंमत जाहीर करून त्यावरील ठरावीक टक्केवारीचे शुल्क भरले, तर जाहीर केलेल्या किमतीपर्यंत दावा करता येतो. आईच्या हातच्या मशीनची किंमत पैशांत होत नाही, पण मोडलेला भाग बदलण्याचा खर्च तरी त्यातून निघावा.

कोयना कोल्हापूरहूनच सुटते आणि मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर संपते, ही आपल्या दृष्टीने चांगली गोष्ट आहे. दोन्ही टोकांना सामान चढवायला आणि उतरवायला पुरेसा वेळ मिळतो. आपले घर डोंबिवलीला असले तरी मशीन कल्याणपर्यंत नोंदवण्याचा मोह टाळा. वाटेतल्या थोड्या थांब्यात नग उतरवायचा राहून पुढे गेला, तर तो परत मिळवायला खेटे घालावे लागतात. टर्मिनसवर पोचल्यावर पावती दाखवून सामान ताब्यात घ्या आणि त्याच दिवशी न्या. ठरलेल्या मुदतीत सामान उचलले नाही तर जागेचे भाडे लागते. तेथून डोंबिवलीला लोकलने नेण्याचा विचार करू नका, टेम्पो ठरवा.

प्रश्न : मे महिन्यात चिपळूणहून मांडवी एक्स्प्रेसने मुंबईला परतताना हापूसच्या पेट्या डब्यात आणलेल्या चालतात का? किती आणता येतात?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घरच्यासाठी आणि नातलगांसाठी आणलेले आंबे वैयक्तिक सामानात धरले जातात आणि ते आपल्या मोफत वजनात मोजले जातात. अडीचशे ग्रॅमचे फळ धरले तर डझनाला तीन किलो होतात. पाच डझनांच्या लाकडी पेटीत पंधरा किलोचा आंबा असतो, त्यावर पेटीचे आणि पेंढ्याचे वजन. अशा दोन पेट्या आणि कपड्यांची बॅग झाली की सेकंड क्लासची ३५ किलोंची मर्यादा संपलीच. विक्रीसाठीचा माल मात्र वैयक्तिक सामान म्हणून डब्यात नेता येत नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मागणीवरून दहा-बारा पेट्या आणल्या तर त्या व्यापारी माल समजल्या जाऊ शकतात. त्या पार्सलनेच पाठवाव्यात.

लाकडी पेटीपेक्षा दोन डझनांचे पुठ्ठ्याचे खोके बरे. ते बर्थखाली बसते, त्याला खिळे नसल्यामुळे शेजाऱ्याचे कपडे फाटत नाहीत, आणि दोन खोकी सुतळीने एकमेकांना बांधली की एका हातात येतात. खोक्याला हवेची भोके ठेवा आणि त्यावर दुसऱ्या कोणाचीही बॅग ठेवू देऊ नका.

प्रश्न : आईवडील सोलापूर वंदे भारतने मुंबईला येणार आहेत. माझा भाऊ त्यांचे सामान डब्यात ठेवून खाली उतरेल, असे आम्ही ठरवले आहे. काही अडचण येईल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : अडचण येऊ शकते, आणि ती मोठी असते. या गाडीची दारे सुटण्यापूर्वी आपोआप बंद होतात आणि मग आतून कितीही विनवणी केली तरी उघडत नाहीत. पोचवायला आलेले लोक असे डब्यात अडकून पुढच्या स्थानकापर्यंत गेल्याची उदाहरणे अनेकदा घडली आहेत, आणि तेवढ्या प्रवासाचे तिकीट त्यांच्याकडे नसते. सोलापूरला गाडी सुरू होत असल्यामुळे ती फलाटावर काही वेळ उभी असते. तेव्हा भावाने ती लागताच सामान चढवावे आणि लगेच उतरावे, शेवटच्या पाच मिनिटांत डब्यात पाऊल ठेवू नये. त्याच्याजवळ प्लॅटफॉर्म तिकीट असू द्या. या गाडीला सामानाचा स्वतंत्र डबा नसतो, म्हणून रॅकवर बसेल एवढ्याच आकाराच्या बॅगा द्या. ज्येष्ठांना डोक्यावर उचलून ठेवाव्या लागणार असल्याने एका बॅगेचे वजन आठ-दहा किलोंच्या वर जाऊ नये.

प्रश्न : रात्रीच्या प्रवासात आमची बॅग चोरीला गेली. बॅग रेल्वेच्या आरक्षित डब्यात होती, तेव्हा भरपाई रेल्वेने द्यायला नको का?
— एक वाचक, अकोला

उत्तर : आपले नुकसान झाले याचे वाईट वाटते, पण कायद्याची बाजू आपल्याला स्पष्ट सांगितली पाहिजे. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १०० नुसार, नोंदवून पावती दिलेल्या सामानाचीच जबाबदारी रेल्वेवर येते. प्रवाशाने स्वतःजवळ ठेवलेल्या सामानाबाबत, रेल्वेच्या किंवा तिच्या कर्मचाऱ्यांच्या निष्काळजीपणामुळे अथवा गैरवर्तनामुळे नुकसान झाले हे सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही जून २०२३ मध्ये, कमरेच्या पट्ट्यातील एक लाख रुपये प्रवासात चोरीला गेल्याच्या प्रकरणात, स्वतःजवळच्या वस्तूंचे रक्षण प्रवाशाला करता आले नाही म्हणून रेल्वेच्या सेवेत त्रुटी आहे असे म्हणता येणार नाही, असा निर्णय दिला.

याचा अर्थ तक्रार करू नये असा नाही. चोरी लक्षात येताच १३९ या क्रमांकावर कळवावे आणि टीसीकडे किंवा गाडीतील पोलिसांकडे तक्रारीचा अर्ज मागावा. तो चालत्या गाडीतच भरून देता येतो, त्यासाठी प्रवास मोडून वाटेत उतरण्याची गरज नसते. त्या रात्री आरक्षण नसलेले लोक डब्यात शिरले होते आणि सांगूनही त्यांना बाहेर काढले गेले नाही, असे काही घडले असेल तर ते तक्रारीत अवश्य लिहा, कारण निष्काळजीपणा दाखवायचा तो अशाच गोष्टींतून. वेळ, डबा आणि कोणाला सांगितले हे नेमके लिहावे.

पुढच्या प्रवासासाठी सांगायचे तर, खालच्या बर्थखाली साखळी अडकवण्यासाठी कड्या असतात. दोन-तीन बॅगा एकाच साखळीत ओवून कुलूप लावले की घाईत उचलून नेणे अवघड जाते. खुर्च्यांच्या डब्यात अशा कड्यांची सोय सहसा नसते. तेथे बॅग आपल्या डोक्यावरच्या रॅकवर न ठेवता समोरच्या बाजूच्या रॅकवर ठेवावी, म्हणजे मान वर न करताही ती दिसत राहते.

प्रश्न : बदलीमुळे घर हलवत आहोत. रिकामा गॅस सिलिंडर गोणीत बांधून रेल्वेने नेता येईल का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : नाही. भरलेलाच नव्हे, रिकामा सिलिंडरही सामानात नेण्यास मनाई आहे. रॉकेल, पेट्रोल, फटाके आणि ॲसिड यांनाही तोच नियम आहे. धोकादायक माल बेकायदा नेल्यास अधिनियमाच्या कलम १६४ खाली तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. सिलिंडर एजन्सीकडे परत करून अनामत रक्कम आणि कनेक्शनच्या बदलीची कागदपत्रे घ्या, नव्या गावी त्यावर सिलिंडर मिळेल. रुग्णासाठी लागणारा ऑक्सिजन सिलिंडर याला अपवाद आहे, तो रुग्णासोबत नेता येतो.

प्रश्न : आम्ही उभयता मुलाकडे ओसाकाला जात आहोत. टोकियोला विमानातून उतरून पुढे शिंकान्सेनने, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनने, जायचे आहे. आमच्याजवळ २३ किलोंच्या दोन बॅगा असतील. तेथे सामानाचा काय नियम आहे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तेथे वजनापेक्षा मापाकडे जास्त लक्ष दिले जाते. बॅगेची लांबी, रुंदी आणि उंची यांची बेरीज करा. ती १६० सेंटिमीटरपर्यंत असेल तर काही करावे लागत नाही. १६० ते २५० सेंटिमीटरच्या दरम्यान असेल तर मोठ्या सामानाची जागा असलेले आसन आधी आरक्षित करावे लागते. टोकियो–ओसाका मार्गावर हा नियम मे २०२० पासून लागू आहे. या आरक्षणाला जादा पैसे पडत नाहीत, परंतु ते न करता तशी बॅग घेऊन चढल्यास १,००० येन भरावे लागतात. बेरीज २५० च्या वर गेली तर ती बॅग नेताच येत नाही.

विमान कंपन्या सहसा १५८ सेंटिमीटर बेरजेपर्यंतची बॅग घेतात, त्यामुळे विमानात चाललेली आपली बॅग नियमाने शिंकान्सेनमध्येही चालेल. मात्र २३ किलोंची बॅग डोक्यावरच्या रॅकवर उचलून ठेवणे आपल्या वयात सोपे नाही. म्हणून बेरीज १६० च्या आत असली तरी मुलाला डब्यातील शेवटच्या रांगेची, मागे सामानाची जागा असलेली आसने घ्यायला सांगा. ती मोजकीच असतात, तेव्हा प्रवासाची तारीख ठरताच ती आरक्षित करावीत. याहून सोयीचा मार्ग म्हणजे विमानतळावरच्या सामान-पोच सेवेच्या खिडकीवर दोन्ही बॅगा देऊन टाकणे. त्या साधारणपणे दुसऱ्या दिवशी मुलाच्या घरी पोचतात. मुलाचा पत्ता जपानी लिपीत छापून जवळ ठेवा, आणि औषधे, चष्मा व एका दिवसाचे कपडे हातातल्या पिशवीत असू द्या.